बाबांच्या ठेवी, बाबांची सही आणि कायदेशीर पालकत्व

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे.

आम्ही नाशिकचे. बाबा ७९ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. अल्झायमरचं निदान होऊन काही वर्षं झाली, पण अलीकडे घसरण फार वेगाने झाली आहे. पेन्शनचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, बहुतेक ठेवीही तशाच. आईचं नाव नॉमिनी म्हणून आहे, जोडखातं नाही. दिवसपाळीला आणि रात्रपाळीला ब्युरोच्या मावशी, औषधं, डायपर, फिजिओ हे सगळं पेन्शनमध्ये बसत नाही. ठेवी मोडायच्या तर सही लागते. बाबांची सही लांब आणि वळणदार होती, हजारो प्रगतिपुस्तकांवर केलेली. आता हातात पेन दिलं की ते अगदी लक्षपूर्वक एक सरळ शिरोरेघ ओढतात आणि पेन परत देतात. त्यांच्या दृष्टीने सही झालेली असते.

२०१९ मध्ये, ते पूर्ण बरे असताना, त्यांनी माझ्या नावाने नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं होतं. बँकेने ते वाचलं, बाबांची प्रकृती विचारली. मी खरं ते सांगितलं. त्यावर उत्तर मिळालं की आता हे कुलमुखत्यारपत्र चालणार नाही, कोर्टाचा हुकूम आणा. कुणीतरी सुचवलं म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी केली, तर तिथे सांगितलं की म्हातारपणातला विसराळूपणा आमच्या समितीकडे येत नाही.

नक्की कुठे जायचं? ताई परदेशी असते, तिला वाटतं मी घाई करतोय. धाकट्या भावाचं म्हणणं, जे करायचं ते कर, पण मला कोर्टात उभं करू नकोस. बाबांचे पैसे बाबांसाठीच वापरायचे आहेत आणि तेच करता येत नाही, याचा फार त्रास होतोय.

सातारची_वकीलबाई

गोदाकाठ, तुम्ही भेटलात त्या दोन्ही ठिकाणी तुम्हाला मिळालेली उत्तरं बरोबर आहेत, आणि खरा त्रास तोच आहे. जरा मुळापासून सांगते.

कुलमुखत्यारपत्र म्हणजे एकाने दुसऱ्याला आपल्या वतीने काम करायला दिलेला अधिकार. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणारा वारला किंवा त्याचं मानसिक संतुलन गेलं की तो अधिकार तिथेच संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी बाबांनी कागद करून ठेवला, नेमका तो दिवस उगवल्यावर कागद निकामी झाला. इंग्लंड-अमेरिकेत अशा प्रसंगीही टिकणारं कुलमुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी तरतूदच नाही. पुष्कळ घरांत लोक या कागदाच्या भरवशावर निर्धास्त बसलेले असतात, म्हणून हे ठळकपणे सांगते आहे.

जिल्हाधिकाऱ्यांची समिती येते ती राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली. हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. अल्झायमर त्यात नाही.

मग आधी लोक काय करायचे? १९१२ चा ल्युनसी ॲक्ट (मनोरुग्णांविषयीचा जुना कायदा) होता, त्याच्या जागी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. या दोन्हींत मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करायची सोय होती. न्यायालय चौकशी करून व्यवस्थापक नेमायचं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णांच्या हक्कांच्या बाबतीत फार चांगला आहे, पण त्याने १९८७ चा कायदा रद्द करताना मालमत्तेचं प्रकरण तसंच वगळलं आणि त्या जागी काही आणलं नाही. नव्या कायद्यातला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ उपचारांच्या निर्णयांपुरता असतो. बँकेत त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून आज स्मृतिभ्रंश, कोमा, मोठा पक्षाघात अशा रुग्णांच्या घरच्यांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. ज्याला स्वतःचं हित जपता येत नाही त्याचं पालकत्व शेवटी राज्यसंस्थेकडे, म्हणजे इथे न्यायालयाकडे, असतं, हा त्यामागचा आधार. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातील रुग्णांसाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोमातील पतीसाठी पत्नीला पालक नेमलं. मुंबई उच्च न्यायालयाकडे आणखी एक जुना अधिकार आहे, १८६५ च्या लेटर्स पेटंटच्या, म्हणजे न्यायालयाला अधिकार देणाऱ्या ब्रिटिशकालीन सनदेच्या, कलम १७ मधला. त्याची भाषा आज वाचवत नाही, पण अधिकार शाबूत आहे.

नाशिक मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वाचकांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळचं.

कागदपत्रांचं नंतर लिहिते, आता कोर्टात निघाले आहे.

लेकाची_आई

आमचं प्रकरण वेगळं आहे, पण हा धागा शोधत दुसरेही पालक येतील म्हणून लिहिते.

माझा मुलगा २६ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता. बहुतेक आईबापांना वाटतं की आपणच याचे पालक, वेगळं काय करायचं? अठरावं सरलं की कायद्याने तो सज्ञान. त्या दिवसापासून त्याच्या खात्यावर, त्याच्या नावाने आलेल्या कुठल्याही पैशावर आपल्याला आपोआप अधिकार राहत नाही. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अज्ञानांसाठी आहे, आपल्या मोठ्या लेकरांसाठी नाही.

आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज केला. समितीत एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. वकील लागला नाही. अपंगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा, आमच्या दोघांची कागदपत्रं आणि मालमत्तेची माहिती एवढं दिलं. मला आवडलेली गोष्ट म्हणजे समितीतल्या बाईंनी आमच्याशी बोलणं थांबवून खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि त्यालाच विचारलं, “तुझे पैसे कुणी सांभाळायचे?” त्याला बोलता येत नाही. त्याने गळ्यातली चित्रांची पाटी उघडली आणि आधी माझ्या फोटोवर बोट ठेवलं, मग थोडं थांबून त्याच्या बहिणीच्या. बहिणीचं नाव आमच्या अर्जात नव्हतं. बाईंनी ते टिपून घेतलं आणि आमच्यानंतर कोण, ही चर्चा तिथेच सुरू झाली.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे संपलं असं समजू नका. सहा महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. हिशोब नीट नसेल, पालक हेळसांड करत असेल तर समिती त्याला काढू शकते. मला हे जाचक वाटत नाही. उद्या मी नसेन तेव्हा जो कोणी त्याचे पैसे हाताळेल, त्यालाही असंच विचारणारं कुणीतरी असेल.

केंद्र सरकारी पेन्शनरांसाठी: बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी कौटुंबिक पेन्शन कोणी स्वीकारायची हे पेन्शनर स्वतः नामनिर्देश करून ठेवू शकतो. ते वेळेवर केलं तर पुढची धावपळ बरीच वाचते.

काउंटरपलीकडे

बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. गोदाकाठसाहेब, शाखेतल्या लोकांचा राग मानू नका. ठेव मोडून दिली आणि उद्या तुमच्या ताईंनी हरकत घेतली तर त्या अधिकाऱ्याची नोकरी जाते.

बँकेच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींची फार गल्लत होते. हात थरथरतो, सही जुळत नाही, अंथरुणाला खिळलेत, पण काय चाललंय ते कळतं, अशा खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट नियम आहेत. अंगठ्याचा ठसा चालतो, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यायच्या सूचना २०१७ पासून आहेत. शाखा नाही म्हणाली तर लेखी मागा.

पण खातेदाराला व्यवहारच कळत नसेल तर अंगठा लावून उपयोग नाही. तो ठसा त्याच्या मर्जीचा नाही आणि साक्ष देणारा अधिकारी खोटं लिहून देतोय. इथे कोर्टाचा हुकूमच लागतो.

नॉमिनीबद्दलही सांगतो. नॉमिनीचा संबंध खातेदाराच्या मृत्यूनंतर. जिवंतपणी नॉमिनीला एक रुपया काढता येत नाही. मी काउंटरवर हे सांगत आलो आणि समोरच्या बायकांचे चेहरे पडलेले बघत आलो. “मग मी त्यांचं औषध कशातून आणू?” या प्रश्नाला बँकेकडे उत्तर नसतं.

आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चुकवू नका, पेन्शन थांबली तर वरचे सगळे प्रश्न दुप्पट होतील.

मधला_मार्ग

इतकी कोर्टबाजी कशाला? बाबांचा मोबाईल घरातच आहे, ओटीपी त्यावरच येतो. एटीएम कार्ड आहे, नेट बँकिंग आहे. ठेवीसुद्धा ॲपवरून मोडता येतात. पैसे त्यांच्यासाठीच वापरणार ना? मग कुणाला काय त्रास? आमच्या सोसायटीत निम्मी घरं असंच चालवतात.

रानजाई

मधला_मार्ग, असंच चालवणाऱ्या एका घरात मी वाढले, म्हणून तुम्हाला उत्तर देते.

आमच्या मावशीला मूलबाळ नव्हतं. विसरायला लागली तेव्हा जवळच्या एका नातेवाइकाने कार्ड स्वतःकडे घेतलं. सुरुवातीला खरंच तिच्यासाठीच खर्च होत होता. मग त्याच्या मुलाची फी, मग गाडीचे हप्ते. विचारणारं कुणी नव्हतं आणि दाखवायला हिशोबाची वहीच नव्हती. शेवटी तिच्या राहत्या घराचं बक्षीसपत्र झालं. तेव्हा तिला मला ओळखताही येत नव्हतं. सगळे म्हणाले, त्याने केलं तिचं, त्याला मिळालं. केलं त्याने, हे मी नाकारत नाही. पण तिला विचारलं कुणी?

प्रामाणिक मुलगा आणि अप्रामाणिक भाचा दोघांच्याही हातात तेच कार्ड आणि तोच ओटीपी असतो. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. गोदाकाठ, तुम्ही बँकेत खरं सांगितलंत, तसंच पुढेही उजेडातच करा. तुमच्या ताईंच्या मनातली शंकाही त्यानेच जाईल.

सातारची_वकीलबाई

रानजाईशी पूर्ण सहमत. कायद्याच्या बाजूने एवढंच जोडते की परिणाम समजण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाने केलेला करार टिकत नाही, पण ते कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि तोवर वर्षं जातात. ज्येष्ठांनी सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ती रद्द करून घेता येते. जिवंतपणी दाद मागायला जमलं तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात जा.

आता कागदपत्रं. न्यूरोलॉजिस्टचे आजवरचे अहवाल, स्मृतिचाचण्या, एमआरआय. न्यायालय बहुतेक वेळा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घेतं, त्यामुळे खाजगी दाखल्यावर विसंबू नका. केरळच्या तत्त्वांत तहसीलदाराने प्रत्यक्ष घरी जाऊन पाहणी करायची अट आहे, नेमलेल्या पालकाने दर सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा आहे, आणि इतर उच्च न्यायालयंही त्याच धर्तीवर जातात. सगळ्या मालमत्तेची यादी द्या, काही लपवू नका. महिन्याच्या खर्चाचा तपशील ब्युरोच्या पावत्यांसकट जोडा. सगळ्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लावा. भावाला कोर्टात उभं राहावं लागत नाही, प्रतिज्ञापत्र पुरतं. ताईंचं त्या देशातल्या भारतीय दूतावासात करून घेता येईल.

घर विकायची परवानगी न्यायालयं सहज देत नाहीत, आणि देऊही नये. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२४ मध्ये कोमातील पतीची मालमत्ता विकायची परवानगी पत्नीला दिली, पण त्यातले ५० लाख पतीच्या नावाने ठेवीत ठेवायला लावले.

सॅन_होजेहून

इथे कॅलिफोर्नियात सासूबाईंसाठी आम्ही यातून गेलो, म्हणून इथली पद्धत सांगतो. त्या अमेरिकन नागरिक आहेत.

इथे प्रोबेट कोर्ट कॉन्झर्वेटर, म्हणजे आपल्याकडचा पालक, नेमतं. देखभालीसाठी वेगळा आणि संपत्तीसाठी वेगळा असे दोन प्रकार, एकाच व्यक्तीकडे दोन्ही असू शकतात. कोर्टाचा तपासनीस घरी येऊन रुग्णाशी एकांतात बोलतो. संपत्तीच्या कॉन्झर्वेटरला ९० दिवसांत मालमत्तेची यादी, एका वर्षाने पहिला हिशोब आणि त्यानंतर किमान दर दोन वर्षांनी हिशोब द्यावा लागतो. बहुधा हमीचा बाँडही घ्यावा लागतो. देखरेख कडक आहे, पण वकिलांचा, बाँडचा, तपासाचा सगळा खर्च रुग्णाच्याच पैशातून जातो.

आणि इतकं असूनही गफलत होतेच. ब्रिटनी स्पीअर्सचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. २००८ ते नोव्हेंबर २०२१ ती कॉन्झर्वेटरशिपखाली होती, त्यातली बरीच वर्षं वडिलांच्या हाती कारभार. ती त्या काळात जगभर कार्यक्रम करत होती आणि स्वतःच्या पैशावर तिचा हक्क नव्हता. त्यानंतर इथला कायदा बदलला. आता आधी सौम्य पर्याय का चालणार नाहीत याचा विचार कोर्टाला करावा लागतो.

एक प्रश्न: सासूबाईंचा एक फ्लॅट पुण्यात आहे. इथला आदेश तिथे चालेल?

सातारची_वकीलबाई

नाही. भारतातल्या स्थावरासाठी तुमच्याकडचा आदेश थेट लागू होत नाही, इथल्या न्यायालयात यावं लागेल. तिथला आदेश आणि तिथले वैद्यकीय कागद पुरावा म्हणून लावा, उपयोग होईल.

अर्धा_चंद्र

मी या धाग्यातल्या ‘रुग्णा’च्या बाजूने बोलते. मला बायपोलर (मनःस्थिती टोकाची वरखाली होण्याचा आजार) आहे. माझं खातं, माझी नोकरी, माझं घरभाडं मी चालवते. उन्मादाच्या काळात मात्र मी वाट्टेल तसा खर्च केला आहे, तेव्हा माझ्यावर पालक नेमावा असं घरी ठरत होतं.

२०१७ च्या कायद्यात लिहिलं आहे की मानसिक आजार आहे म्हणून माणूस आपोआप अक्षम ठरत नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा याच्याही पुढे जातो. त्याच्या कलम १४ मधलं मर्यादित पालकत्व म्हणजे दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा, ठरावीक कामासाठी, ठरावीक काळासाठी, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली, त्यातून हे आलं. त्या कायद्यात एक गोष्ट फार मोलाची आहे: ज्याला आधार दिला जातो, तो आधाराची रचना बदलू किंवा मोडू शकतो.

मी ठीक असताना भावाबरोबर बसून व्यवस्था लावली. पगार माझ्या खात्यात, बचत दोन सह्यांच्या खात्यात. क्रेडिट कार्ड नाही. हे मी ठरवलं, माझ्यावर कुणी लादलं नाही, म्हणून ते टिकलं आहे.

गोदाकाठ, तुमच्या बाबांची गोष्ट वेगळी आहे, मला कळतं. पण त्यांना सगळंच कळेनासं झालं असं धरून चालू नका. पैशांचं कळत नसेल. कोणत्या मावशी आवडतात, जेवण कुठे बसून हवं, हे कळत असेल. पालकत्वाचा हुकूम त्या गोष्टींना लागू करू नका.

पिंपळपान

फार कामाचा धागा. माझ्या आईला नुकतंच सुरुवातीच्या टप्प्याचं निदान झालं आहे. ती अजून स्वतः बँकेत जाते, भाजीवाल्याशी हिशोब चोख. आम्ही आत्ता काय करावं?

सातारची_वकीलबाई

पिंपळपान, तुमच्याकडे वेळ आहे, तो दवडू नका. निदान झालं म्हणजे क्षमता गेली असं नाही. करार कायद्याचं कलम १२ असं सांगतं की व्यवहार करताना माणसाला तो समजत असेल आणि आपल्या हिताचा विचार करता येत असेल तर तो करार वैध. म्हणून आईंना जे करायचं आहे ते त्यांना विचारून, त्यांच्या चांगल्या वेळी, बहुधा सकाळी, करा. त्याच दिवशी डॉक्टरकडून ‘व्यवहार समजण्यास सक्षम’ असा दाखला घ्या.

खाती आणि ठेवी त्यांच्या विश्वासातल्या माणसाबरोबर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहणारा’ अशी करा. ठेवी मुदतीपूर्वी मोडायचा अधिकारही त्यात स्पष्ट लिहून घ्या, हे राहून जातं. मृत्युपत्र. उपचारांसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी. आणि मालमत्ता मोठी असेल तर १८८२ च्या न्यास कायद्याखाली खाजगी न्यास. न्यास म्हणजे कुलमुखत्यारपत्र नव्हे, तो करणाऱ्याची स्मृती गेली म्हणून संपत नाही. विश्वस्त निवडताना मात्र एकापेक्षा जास्त ठेवा.

काउंटरपलीकडे

वरच्याला अनुमोदन. जोडखातं करताना आईंना स्वतः शाखेत न्या आणि अधिकाऱ्याला त्यांच्याशी बोलू द्या. तुम्ही मध्ये उत्तरं देऊ नका. त्या बोलण्याची आठवण असलेला अधिकारी पुढे तुमचा सगळ्यात मोठा आधार असतो.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा ताईला पाठवला होता. तिने रानजाईंचा प्रतिसाद वाचून फोन केला. तिचा आक्षेप माझ्यावर नव्हता, आपण लांब असल्याने आपल्याला काहीच कळणार नाही याची तिला भीती होती. ती प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहे, भावाचंही होईल.

आता दोन शंका उरल्या. ताईलाही माझ्याबरोबर पालक म्हणून नेमा अशी मागणी करता येते का? आणि याचिकेत नक्की काय काय मागायचं?

सातारची_वकीलबाई

सहपालकाची मागणी करता येते आणि तुमच्या बाबतीत जरूर करा. दूर असलेल्या माणसाला रोजच्या सह्या जमणार नाहीत, म्हणून पेन्शन खात्याचा रोजचा व्यवहार तुमच्या एकट्याकडे आणि ठेवी मोडताना दोघांची लेखी संमती, असं मांडा. गरजेपुरतंच मागा: पेन्शन खातं चालवणं, हयातीचा दाखला आणि आयकर विवरणपत्र यांवर सही, नावनिशीवार ठेवी मुदत संपताच किंवा गरजेप्रमाणे मोडणं, आणि ते पैसे बाबांच्याच नावाच्या खात्यातून खर्च करणं. घराबद्दल काहीच मागू नका, पुढे लागलं तर वेगळा अर्ज करता येतो. हिशोब कितीदा सादर करणार हे तुम्हीच याचिकेत लिहून द्या, न्यायालयाने विचारायची वाट बघू नका. आईंचं म्हणणं वेगळ्या परिच्छेदात घ्या, कारण त्या पत्नी आहेत आणि पहिला प्रश्न तोच येईल की त्या स्वतः का आल्या नाहीत. गुडघ्यांच्या किंवा इतर कारणाने धावपळ जमत नसेल तर तसं त्यांच्याच प्रतिज्ञापत्रात येऊ द्या. वकिलांची फी झेपत नसेल तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे आधी विचारा. आणि मुंबईला जायच्या आधी नाशिकच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे बाबांच्या तपासणीसाठी अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा.